पन्नास हर्ट्झ आणि थांबण्याचा हिशेब



३१ डिसेंबर २०१३ रोजी रात्री सोलापूर आणि रायचूर यांना जोडणारी ७६५ केव्हीची वाहिनी सुरू झाली. लांबी सुमारे २०८ किलोमीटर. त्या रात्रीपर्यंत भारतात दोन वीजग्रिड होत्या. त्या रात्रीनंतर एकच उरली. काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची सगळी मोठी जनित्रे एका तालात फिरू लागली, आणि तो ताल जुळला तो आपल्या या शहराच्या वेशीवरून जाणाऱ्या तारांमधून. सोलापूरची ओळख सांगताना आपण चादर सांगतो, सिद्धरामेश्वर सांगतो, गिरण्या सांगतो, डॉक्टर कोटणीस सांगतो. या यादीत ही रात्रही असावी असे मला मनापासून वाटते, आणि म्हणून आजचा विषय मी तिथूनच उचलला आहे.

विषय असा: सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलली की तो बदल ओळखणारे अ‍ॅनालॉग सर्किट कसे रचायचे? पाठ्यपुस्तकात याचे उत्तर सूत्राने मिळते. ग्रिडवर मात्र सूत्राच्या जोडीला दुसरा प्रश्न उभा राहतो. खात्री पटेपर्यंत किती वेळ थांबायचे? माझे आज सांगणे एवढेच आहे की या शास्त्रातली सगळी कारागिरी या दुसऱ्या प्रश्नात आहे.

आधी थोडा इतिहास. देशात पाच विभागीय ग्रिड होत्या. पूर्व आणि ईशान्य १९९१ मध्ये जोडल्या गेल्या, मार्च २००३ मध्ये आपला पश्चिम विभाग त्यांना मिळाला, ऑगस्ट २००६ मध्ये उत्तर. दक्षिण तेवढी वेगळी राहिली. तिच्याशी वीज देवाणघेवाण होत नव्हती असे नाही. चंद्रपूर जिल्ह्यात भद्रावतीला १००० मेगावॉटचे केंद्र आहे. तिथे एका बाजूची एसी वीज डीसी करतात आणि लगेच दुसऱ्या बाजूला पुन्हा एसी करतात. डीसीला फ्रिक्वेन्सीच नसते, त्यामुळे दोन्ही बाजू आपापल्या तालात राहू शकतात. सोय उत्तम, पण खर्चिक, आणि पलीकडे अचानक तूट पडली तर अलीकडच्या जनित्रांना ती आपोआप जाणवत नाही. थेट एसी वाहिनीने जोडले की जाणवते. लाभ तोच आणि जोखीमही तीच.

दोन ग्रिड जोडायच्या म्हणजे ब्रेकरचे संपर्क मिटवायचे. पण केव्हा? दोन्ही बाजूंचे व्होल्टेज सारखे हवे, फ्रिक्वेन्सी जवळजवळ सारखी हवी, आणि ज्या क्षणी संपर्क होतो त्या क्षणी दोन्ही लाटांची फेज जुळलेली हवी. जुन्या नियंत्रण कक्षात यासाठी सिंक्रोस्कोप असायचा. त्याचा काटा दोन्ही बाजूंच्या फ्रिक्वेन्सीतल्या फरकाने फिरतो: फरक ०.१ हर्ट्झ असेल तर दहा सेकंदांत एक फेरा. काटा सावकाश बाराच्या खुणेकडे येताना ऑपरेटर हात स्विचवर ठेवून उभा राहतो. फरक आणखी कमी असेल तर काटा आणखी सावकाश फिरतो. जोडणी जितकी सुरक्षित, तितकी संधी उशिरा येते. थांबण्याचा हिशेब इथूनच सुरू होतो.

आता फ्रिक्वेन्सी बदलतेच का, ते पाहू. दक्षिण सोलापुरातल्या एनटीपीसीच्या केंद्रात ६६० मेगावॉटची दोन युनिटे आहेत. अशा टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला पन्नास. म्हणून पन्नास हर्ट्झ. मागणी वाढली आणि वाफ तेवढीच राहिली, तर जास्तीची वीज दांड्याच्या गतीतूनच काढली जाते आणि दांडा मंदावतो. साऱ्या देशातले दांडे एकत्र मंदावतात. फ्रिक्वेन्सी हा देशाच्या मागणी-पुरवठ्याचा हिशेब आहे, आणि तो प्रत्येक घरातल्या सॉकेटमध्ये वाचता येतो. आयआयटी मुंबईच्या विद्युत अभियांत्रिकी विभागाने वेगवेगळ्या शहरांत साध्या घरगुती सॉकेटवरच मोजणी करून ग्रिडची हालचाल टिपली होती, ती याच आधारावर.

या शहराला तो हिशेब पुस्तकातून शिकावा लागला नाही. १९९० च्या दशकात फ्रिक्वेन्सी ४८ च्या आसपास रेंगाळायची. चार पोलच्या मोटरचा मूळ वेग मिनिटाला १५०० फेरे. ४८ हर्ट्झला तो १४४० होतो. यंत्रमागाच्या पिकांत, म्हणजे आडव्या धाग्याच्या फेऱ्यांत, थेट चार टक्के घट. ज्याची मजुरी मापावर ठरते त्या कामगाराच्या आठवड्याच्या हिशेबात ही घट उतरते. भारनियमनाबद्दल आपण पुष्कळ बोललो. वीज असतानाच्या या गळतीबद्दल फारसे कुणी बोलले नाही, याची खंत वाटते.

१ जुलै २००२ पासून पश्चिम विभागात, देशात सर्वांत आधी, फ्रिक्वेन्सीशी जोडलेला दर लागू झाला. ठरल्यापेक्षा जास्त वीज ओढायची तर फ्रिक्वेन्सी जितकी खाली तितका दर जास्त. म्हणजे फ्रिक्वेन्सी मोजणारे सर्किट आता पैशांचा हिशेबही करू लागले. त्या दराने आणि पुढच्या नियमांनी ग्रिड हळूहळू शिस्तीत आली. २०१४ पासून अपेक्षित पट्टा ४९.९० ते ५०.०५ असा अगदी अरुंद आहे.

पण आजचा विषय शिस्तीच्या दिवसांचा नाही. एखादे मोठे केंद्र अचानक बंद पडते त्या दिवसाचा आहे. तेव्हा फ्रिक्वेन्सी कोसळू लागते आणि उपकेंद्रांतले अंडर-फ्रिक्वेन्सी रिले ४९.२, ४९.०, ४८.८ अशा पायऱ्यांवर एकेक फीडर तोडतात. काही भाग अंधारात टाकून उरलेली ग्रिड वाचवायची. पायऱ्यांतले अंतर फक्त ०.२ हर्ट्झ, म्हणजे ०.४ टक्के. एवढा फरक ओळखणारे सर्किट कसे बनवणार?

सर्वांत जुना उपाय रीड मीटर. पोलादी पट्ट्या, प्रत्येक पट्टी वेगळ्या फ्रिक्वेन्सीला झंकारणारी, अर्ध्या अर्ध्या हर्ट्झच्या अंतराने लावलेल्या. डोळ्यांना दिसते, समजते, पण त्यावर फीडर तोडता येत नाही.

पुढचा उपाय अनुनादी सर्किट. १० हेन्रीचे चोक आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकसर जोडला की ५०.३ हर्ट्झला अनुनाद मिळतो. पन्नासाच्या इतक्या जवळ, की विद्यार्थ्यांना वाटते काम झाले. फ्रिक्वेन्सी पडली की प्रवाह कमी होईल आणि रिले चालेल. इथे थोडे थांबू या. लोखंडी गाभ्याच्या अशा चोकचा क्यू, म्हणजे अनुनादाची तीक्ष्णता, साधारण २० धरा. फ्रिक्वेन्सी शिखरापासून ०.२ हर्ट्झ सरकली तर प्रवाह किती उतरतो? जेमतेम सव्वा टक्का. व्होल्टेज त्याहून जास्त वरखाली होत असते. शिवाय फ्रिक्वेन्सी वर गेली काय नि खाली गेली काय, प्रवाह उतरतोच. दिशा कळत नाही. शिखरावर उभे राहून बदल पाहू गेलात तर शिखर सपाट असते.

मग काय पाहायचे? फेज. झोपाळ्याला झोका देणाऱ्या माणसाला हे हातांना कळते. झोक्याचा वेळ किंचित चुकला तरी झोपाळ्याची उंची फारशी बदलत नाही, पण हात आणि पाट यांची गाठ कुठे पडते ते लगेच बदलते. वरच्या सर्किटमध्ये ०.२ हर्ट्झला प्रवाहाचे मान सव्वा टक्का हलते, पण त्याची फेज सुमारे नऊ अंशांनी सरकते, आणि ती कुठल्या बाजूला सरकली यावरून दिशाही कळते. जुन्या इंडक्शन कपच्या फ्रिक्वेन्सी रिलेत हेच केले होते: दोन वेगवेगळ्या शाखांतले प्रवाह घेऊन त्यांच्यातल्या फेजफरकावर कप फिरवायचा. ठरलेल्या फ्रिक्वेन्सीला कपावरचे बल शून्य, खाली गेली की कप वळतो आणि संपर्क मिटतो. अमेरिकेत फॉस्टर आणि सीली यांनी १९३६ मध्ये रेडिओसाठी जो डिस्क्रिमिनेटर रचला, तोही अनुनादाजवळच्या फेजवरच चालतो. उपकेंद्रातले पन्नास हर्ट्झ आणि एफएम रेडिओतले १०.७ मेगाहर्ट्झ यांच्यात दोन लाख पटींचे अंतर आहे, तरी विचार एकच. अ‍ॅनालॉग विद्येचे हे मला फार मोठे सौंदर्य वाटते.

आता सोलापूरचा उन्हाळा मध्ये येतो. अनुनादाची फ्रिक्वेन्सी कपॅसिटरच्या वर्गमुळावर ठरते. कपॅसिटर एक टक्का वाढला तर फ्रिक्वेन्सी अर्धा टक्का उतरते, म्हणजे पाव हर्ट्झ. पॉलिस्टर कपॅसिटरचे मान तापमानागणिक अंशाला दशलक्षात सुमारे चारशे भागांनी वाढते. डिसेंबरच्या पहाटे बसवलेला रिले मेच्या दुपारी, पत्र्याच्या पेटीत, तीस अंश जास्त तापला तर कपॅसिटर १.२ टक्के वाढतो आणि रिलेची खूण ०.३ हर्ट्झ खाली जाते. दीड पायरी! ४९.२ ला सुटायचा तो ४८.९ ला सुटेल. पॉलिप्रोपिलीनचा कपॅसिटर तापमानाबरोबर उलट दिशेने सरकतो. म्हणून चांगला रचनाकार दोन्ही प्रकार प्रमाणात मिसळतो, एकाची चूक दुसऱ्याने खोडतो, आणि चोकची सरकही त्याच हिशेबात धरतो. हे काम तक्त्यावरून होत नाही. सर्किट भट्टीत ठेवून, तासन्‌तास नोंदी करून होते. दुकानात मिळेल तो कपॅसिटर लावून पास झालेले प्रोजेक्ट आपल्याकडे खूप आहेत, आणि त्यातल्या मुलांची हुशारी वाया जाते आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

ऑप-अँप आल्यावर चोक गेले. पीटीकडून, म्हणजे व्होल्टेज उतरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरकडून, येणारी ११० व्होल्टची लाट कंपॅरेटरला द्यायची, ती शून्य ओलांडते तो क्षण पकडायचा, आणि एकाच दिशेच्या दोन ओलांडण्यांमधला वेळ मोजायचा. ५० हर्ट्झला २० मिलिसेकंद, ४९.२ ला २०.३२५, ४९.० ला २०.४०८. एका पायरीचा फरक ८३ मायक्रोसेकंद. आजच्या कुठल्याही साध्या भागांना हे सहज मोजता येते. मग अडचण कुठे?

अडचण अशी, की शून्याचा क्षण फक्त फ्रिक्वेन्सीने सरकत नाही. जवळच्या वाहिनीवर दोष आला, मोठा भार तुटला, तर व्होल्टेजच्या फेजला एकदम धक्का बसतो. फ्रिक्वेन्सी पन्नासच आहे, पण लाट जागेवरून सहा अंश उडी मारते. त्या एका आवर्तनात सर्किटला २०.३३ मिलिसेकंद दिसतात आणि ते म्हणते, ४९.१८! पायरी ओलांडली, तोडा फीडर. ग्रिड ठणठणीत असताना दोन-चार गावे अंधारात जातात. हार्मोनिक्सचेही तसेच. यंत्रमागांचे ड्राइव्ह, यूपीएस, एलईडी दिवे लाट वेडीवाकडी करतात. वेडेपणा स्थिर असेल तर प्रत्येक शून्य सारखेच सरकते आणि कालावधी बिघडत नाही. तो बदलतो त्या क्षणी मात्र खोटा बदल दिसतो.

उपाय दोन, आणि दोन्ही वेळ खातात. आधी फिल्टर लावून लाट गुळगुळीत करायची, किंवा एका आवर्तनावर विश्वास न ठेवता सलग काही आवर्तनांचा कौल घ्यायचा. फिल्टर जितका अरुंद तितका तो मंद. हा निसर्गाचाच नियम आहे, कुठल्या भागाचा दोष नव्हे. डेनिस गॅबर यांनी १९४६ मध्ये तो संदेशवहनाच्या संदर्भात नीट मांडला. फेज-लॉक्ड लूप घेतला तरी सुटका नाही. लूप फिल्टर ढिला ठेवला तर लूप गोंगाटाच्या मागे धावतो, घट्ट ठेवला तर खऱ्या बदलाच्या मागे पडतो.

थांबण्याला किंमत किती? पाच टक्के निर्मिती अचानक गेली असे समजा, आणि फिरत्या दांड्यांत साठलेली ऊर्जा चार सेकंदांच्या पूर्ण निर्मितीइतकी आहे असे धरा. तर पहिल्या क्षणी फ्रिक्वेन्सी सेकंदाला सुमारे ०.३१ हर्ट्झने पडते. कुणीच काही केले नाही तर अडीच सेकंदांत ४९.२. रिले खात्रीसाठी एक सेकंद थांबला, तर दीड पायरी खाली जाऊन पोचलो. न थांबला तर फेजच्या उडीला बळी पडला.

यावर तोड म्हणून पडण्याचा वेग मोजणारे डीएफ-डीटी रिले आले. सेकंदाला ०.१ हर्ट्झ या वेगाने घसरण सुरू झाली की तळ गाठण्याआधीच भार तोडायचा. कल्पना सुरेख आहे. पण हिशेब करा. ०.१ सेकंदात या वेगाने फ्रिक्वेन्सी बदलते फक्त ०.०१ हर्ट्झ, कालावधी बदलतो चार मायक्रोसेकंद. ११० व्होल्टची लाट शून्य ओलांडताना मायक्रोसेकंदाला साधारण ०.०५ व्होल्ट चढते. म्हणजे चार मायक्रोसेकंद झाकायला ०.२ व्होल्टचा गोंगाट पुरे. दीडशे व्होल्टच्या शिखराच्या लाटेत ०.२ व्होल्ट! डिफरन्शिएटर सर्किट गोंगाटच आधी मोठा करते. म्हणून डीएफ-डीटी रिलेला अधिक काळाची खिडकी द्यावी लागते, आणि ती किती द्यावी यावर अभियंत्यांच्या बैठका चालतात.

जुलै २०१२ हा त्या बैठकांच्या मागचा काळा संदर्भ. ३० जुलैच्या पहाटे उत्तरेची ग्रिड कोसळली. ३१ जुलैला दुपारी उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही कोसळल्या. साठ कोटींहून अधिक लोकांची वीज गेली. आपला पश्चिम विभाग तेव्हा त्यांच्यापासून सुटा झाला आणि वाचला. इथे उलट वीज जास्त झाली, फ्रिक्वेन्सी ५१ च्या वर गेली. चौकशी समितीने जी निरीक्षणे नोंदवली त्यांत एक असे होते की अंडर-फ्रिक्वेन्सी आणि डीएफ-डीटी रिलेंकडून अपेक्षित भारकपात मिळाली नाही. हजारो रिले बसलेले होते. सर्किट कागदावर असणे आणि त्याच्या मागे खरा भार जोडलेला, तपासलेला, चालू असणे या दोन गोष्टींत दरी राहिली की असे होते. दीड वर्षानंतर सोलापूर-रायचूर वाहिनी जोडताना प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर ते दोन दिवस होते, हे समजायला फार कल्पना लागत नाही.

इतकी लांब ग्रिड एक झाली की आणखी एक प्रकार वाढतो: एका टोकाची जनित्रे आणि दुसऱ्या टोकाची जनित्रे एकमेकांविरुद्ध संथ हेलकावतात, दोन-चार सेकंदांत एक हेलकावा. त्यांना शांत करायला मोठ्या जनित्रांवर स्टॅबिलायझर असतो. त्याच्या सर्किटचा पहिला टप्पा स्थिर मूल्य अडवून धरतो आणि फक्त बदल पुढे जाऊ देतो. फ्रिक्वेन्सी कायमची ४९.९ असेल तर तो गप्प, ती ४९.९ भोवती हलू लागली तर जागा. पुढचे टप्पे फेज पुढे ढकलतात, कारण उत्तेजन यंत्रणेत उशीर होतो आणि तो भरून काढायचा असतो. आज हे संगणकीय प्रोसेसरमध्ये चालते, पण त्याची आखणी आरसी सर्किटचीच आहे, आणि ज्याने हाताने आरसी जोडले आहे त्यालाच ती नीट लावता येते असा माझा अनुभव आहे.

५ एप्रिल २०२० आठवतो का? रात्री नऊला नऊ मिनिटे दिवे मालवा असे आवाहन होते. देशाची मागणी काही मिनिटांत सुमारे ३१,००० मेगावॉटने उतरली आणि परत चढली. फ्रिक्वेन्सी ४९.७० ते ५०.२६ यांच्या आतच राहिली. मोठा भार जलविद्युत केंद्रांनी पेलला. वेळ आधी माहीत होती, माणसे जागी होती, म्हणून. अचानक येणाऱ्या घटनेत सर्किटला ती मुभा नसते.

एक गोष्ट इथे आवर्जून बोलायला हवी. ४९.२ च्या रिलेवर कुठला फीडर ठेवायचा, हे सर्किट ठरवत नाही. माणूस ठरवतो. हॉस्पिटल वगळायचे हे सगळ्यांना पटते. त्यानंतर मात्र बहुधा शेतीचा फीडर आधी, मग गाव, मग शहर, अशी उतरंड लागते. उभ्या उसाला पाणी देणाऱ्या शेतकऱ्याने देशाची ग्रिड किती वेळा वाचवली, त्याची नोंद कुठेच नाही. या पायऱ्या फिरत्या ठेवाव्यात, दर काही महिन्यांनी वेगळ्या फीडरची पाळी यावी, आणि ती यादी लोकांना पाहता यावी असे माझे आग्रहाचे मागणे आहे.

पुढचा काळ कठीण आहे. सौर पॅनलला फिरता दांडा नसतो. दुपारी सौरऊर्जेचा वाटा वाढतो तसा दांड्यांतला साठा घटतो. मघाच्या हिशेबात चार सेकंदांच्या जागी दोन घाला: तीच पाच टक्के तूट आता सेकंदाला ०.६२ हर्ट्झने पाडते, ४९.२ यायला अडीच ऐवजी सव्वा सेकंद. थांबायला मिळणारा वेळ निम्मा झाला, आणि इन्व्हर्टरांमुळे लाटेतला गोंगाट मात्र वाढला. जुने रिले नव्या खिडकीत बसणार नाहीत. ही गाठ कोणी सोडवलेली नाही, आणि ती सोडवायला सोलापूरची प्रयोगशाळा पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळेइतकीच योग्य आहे.

म्हणून इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थ्यांपुढे एक काम ठेवतो. मुख्य पुरवठ्यापासून अलग करणारा छोटा ट्रान्सफॉर्मर घ्या, कंपॅरेटर घ्या, कपॅसिटर निवडून घ्या, आणि ४९.९ ला दिवा लावणारे सर्किट रचा. तुमची मोजणी राष्ट्रीय ग्रिड चालवणारी संस्था जी चालू फ्रिक्वेन्सी प्रसिद्ध करते तिच्याशी ताडून पाहा. किती वेळा दिवा खोटा लागला आणि खरा लागताना किती उशीर झाला, दोन्ही रकाने लिहा. एक कमी करायला गेलात की दुसरा किती वाढतो, त्याचा आलेख काढा. मोजणी मे महिन्यात, दुपारी दोनला, शेजारच्या कारखान्यात माग चालू असतानाच घ्या.